मार्खा खोऱ्यात स्वतःच्या पाठीवर: शिधा, गॅस आणि वजनाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरचे तिघे, तिशीतले. पचमढी झालं, सह्याद्रीतले किल्ले झाले, एका संस्थेबरोबर हिमालयातला एक ट्रेकही झाला. तिथे सामानाला खेचरं होती आणि जेवायला आचारी. आता सप्टेंबरात स्पितीतल्या किब्बरहून पारांग ला ही खिंड ओलांडून लडाखमधल्या त्सो मोरिरी तलावापर्यंत जायचं आहे, पोर्टर नाही, खेचर नाही. आज मे महिना आहे. तयारी कुठून सुरू करायची?

मार्ग बदलण्यापासून. पारांग ला साडेपाच हजार मीटरच्या वर आहे, पलीकडे हिमनदीवरून उतरावं लागतं, आणि स्पितीतलं शेवटचं गाव सुटलं की थेट तलावाकाठच्या कारझोकलाच पुन्हा माणसाचं घर दिसतं. शिध्याचा हिशेब चुकला, स्टोव्ह बंद पडला किंवा एकाचा गुडघा गेला, तर मध्ये कुठेच हात टेकायला जागा नाही. पहिल्यांदा लडाखमधलं मार्खा खोरं घ्या: चिलिंगहून आत शिरायचं, स्कियू, सारा, मार्खा, हंकर, थोचुंगत्से, निमालिंग, मग कोंगमारू ला ही ५,२०० मीटरच्या आसपासची खिंड आणि खाली शांग सुमदो. चिलिंगपुढे गाडीरस्ता आत आत सरकतो आहे हे खरं, तरी हंकर सुटलं की खिंड ओलांडेपर्यंत गाव नाही. खालच्या गावांत राहायला घरं मिळतात. शिधा मात्र ती घरं नाहीतच असं धरून, सगळ्या दिवसांचा, पाठीवर न्या. म्हणजे परीक्षा खरी होते आणि नापास झालात तर उपाशी राहत नाही. पारांग ला पुढच्या वर्षी तिथेच असेल.

स्वयंपूर्ण ट्रेकची तयारी म्हटली की लोक बूट आणि जॅकेटं बघायला निघतात. खरी तयारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर होते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलोचा काटा घ्या आणि सॅकमध्ये जाणारी प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून वहीत लिहा. कंपनीने लेबलावर छापलेलं वजन लिहू नका; टेंटच्या लेबलात खुंट्या आणि पिशवी बहुतेक वेळा धरलेल्या नसतात.

एका माणसाचा साधारण हिशेब असा जमतो. सॅक २ किलो, तिघांच्या टेंटचा तिसरा वाटा १.१, उणे पाच-उणे दहाला ऊब देणारी स्लीपिंग बॅग १.४, मॅट ०.४५, जादाचे आणि गरम कपडे २.३, पावसाचं जॅकेट-पँट ०.५, भांड्यांचा वाटा ०.३, हेडटॉर्च-फोन-पॉवरबँक ०.६, औषधं आणि सटरफटर ०.५. झाले नऊ किलोंच्या थोडे वर. त्यावर शिधा सहा, गॅस-स्टोव्हचा वाटा अर्धा, पाणी दीड. पहिल्या दिवशी पाठीवर १७ किलो. ६५-७० किलोच्या माणसाला हा जवळजवळ शरीराच्या चौथ्या हिश्शाचा भार आहे. याच्या वर गेलात की रोजची मजल कमी होते, मजल कमी झाली की दिवस वाढतात, आणि दिवस वाढले की शिधा वाढतो. हे चक्र तोडायला कपडे कमी करा. शिधा तोडू नका. चालायला एक जोड, झोपायला एक कोरडा जोड, मोजे तीन जोड, एक फ्लीस, एक पफर (फुगीर गरम जॅकेट), टोपी, हातमोजे. जीन्स घरी. कपड्यांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आता शिधा. दिवसाला तीन हजार कॅलरी धरा. उंचीवर भूक मरते, त्यामुळे कागदावरचा आकडा पोटात उतरेलच असं नाही. म्हणून पदार्थ ओळखीचे, चवीचे आणि चमचमीत हवेत. परदेशी पाकिटं घेण्याची गरज नाही, मराठी घरातला कोरडा खाऊ या कामाला जणू बनवलेलाच आहे.

सकाळी उपम्याचं तयार मिश्रण: रवा ७० ग्रॅम, तूप २०, फोडणी, मीठ, लिंबूफूल. घरी तुपावर परतून गार करायचं आणि पिशवीत भरायचं. वर उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकलं की झालं. चहाच्या दोन कपांना दूधपावडर २५ आणि साखर २० ग्रॅम. चालताना खायला दाण्याचे नाहीतर बेसनाचे दोन लाडू (८० ग्रॅम), दाणे-काजू-बदाम-मनुका ८० ग्रॅम, चिक्की ५०. दुपारी स्टोव्ह पेटवायचाच नाही: पातळ पोहे ५० ग्रॅम पाण्याने दडपून, वर जाडी शेव ६०, मीठ-मिरची-लिंबूफूल; आणि सातू ५० ग्रॅम पाण्यात कालवून. शेवेत ग्रॅमला साडेपाच कॅलरीच्या आसपास असतात, तांदळात साडेतीन. इंदूरकराला शेव न्या म्हणून सांगावं लागत नाही, पण कारण हे आहे. शेवेचा चुरा होणारच, म्हणून आधीच हाताने चुरून, दाबून भरा. जागा निम्मी लागते. संध्याकाळी सूप १५ ग्रॅम, वाळवलेली खिचडी १२०, तूप २०. एकूण ६६० ग्रॅम, तीन हजार कॅलरी. आठ दिवस चालणं आणि एक दिवस राखीव असे नऊ धरले तर माणशी ५.९ किलो.

नऊ संध्याकाळी खिचडी कोणी खाणार नाही. पाच दिवस खिचडी, तीन दिवस पिठलं-भात, एक दिवस शेवयांचं सूप. पिठलं इथे फार कामाचं: बेसन घरी कोरडं खमंग भाजून त्यात हळद, तिखट, मीठ, लसणाची पूड मिसळलेली असली की उकळत्या पाण्यात वैरून चार मिनिटांत होतं. भात मात्र शिजवून वाळवलेला हवा.

तो का, ते नीट समजून घ्या. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू अंदाजे एक अंशाने उतरतो. निमालिंगला, ४,७०० मीटरच्या वर, पाणी ८४ अंशांच्या आसपास उकळतं. बुडबुडे तसेच दिसतात, पण डाळ तासाभरानेही टणटणीत राहते आणि गॅस संपतो. छोटा कुकर नेण्याचा पर्याय आहे. दोन लिटरचा कुकर किलोच्या आसपास भरतो, आणि शिट्टी होईपर्यंतचा गॅस वेगळा. शिजवण्याचं काम इंदूरलाच उरकून टाका. वर फक्त पाणी गरम करायचं.

खिचडी वाळवायला मालव्यातलं मे महिन्याचं ऊन मिळतंय, ते वाया घालवू नका. दोन भाग तांदूळ, एक भाग मुगाची डाळ. सालीची किंवा अख्खी कडधान्यं नकोत, ती पुन्हा भिजत नाहीत. हळद, मीठ, भाजून कुटलेलं जिरं घाला. तेल-तुपाचा थेंबही नको. स्निग्धांश वाळत नाही, आणि सप्टेंबरपर्यंत खवट होतो. कुकरला नेहमीपेक्षा एक शिट्टी जास्त, मऊ शिजवा. गाजर किसून, मटार आणि कांदा बारीक करून घालता येतात. बटाट्याच्या फोडी वाळून दगड होतात. बटाटा हवाच असेल तर उपवासाला करतात तो वाळवलेला कीस न्या.

एक किलो कच्च्या मालाला दहा मोठी ताटं लागतात. थर अर्धा सेंटिमीटरच, त्याहून जाड नको. सकाळी सातपर्यंत शिजवून आठला गच्चीवर, वर मलमलचं फडकं, कडांना चिमटे. अकराच्या सुमाराला वरची पापडी धरते. ती उलथन्याने मोडून गठळ्या बोटांनी सुट्या करा, दोनला पुन्हा. इथेच सगळ्यात मोठी चूक होते: थर जाड घातला, संध्याकाळपर्यंत आतून ओला राहिला, आणि रात्रभर तसाच गच्चीवर ठेवला. शिजलेला भात कोमट आणि ओला राहिला की त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून पाच वाजता ओल वाटली तर सरळ ओव्हनमध्ये ७० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून, कडकडीत होईपर्यंत. वाळलं की नाही हे काटा सांगतो. एक किलो तांदूळ-डाळीची खिचडी शिजल्यावर साडेतीन किलोंच्या घरात जाते. ती पुन्हा एक किलोच्या जवळ आली पाहिजे. सव्वा किलोवर थांबलात तर ऑगस्टात बुरशी दिसेल. दाणा दाताखाली मोडला पाहिजे, दबता कामा नये.

तिघांच्या पाच संध्याकाळींना १.८ किलो लागते, म्हणजे दोन रविवार. भाताचा तिसरा. मालव्यातही पावसाळ्यात पापड सादळतात, तेव्हा खिचडीचं काय होईल ते वेगळं सांगायला नको: घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि जागा असेल तर बरणी फ्रीझरमध्ये. एकेका रात्रीच्या पिशव्या निघण्याच्या आठवड्यात भरा. लाडू आणि उपम्याचं मिश्रणही तेव्हाच. तूप वेगळं, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत, वर पिशवी, त्यावर आणखी एक पिशवी. सॅकमध्ये तूप सांडलं की स्लीपिंग बॅगचा वास वर्षभर जात नाही.

वर गेल्यावर एक भाग खिचडीला अडीच भाग उकळतं पाणी, झाकण, आणि भांडं पफर जॅकेटात गुंडाळून वीस मिनिटं. ज्योत बंद. मग तूप.

गॅसचा हिशेब याच पद्धतीवर उभा आहे. बारीक ज्योतीवर, वारा अडवून, एक लिटर पाणी उकळायला १० ते १५ ग्रॅम गॅस जातो. तिघांचं सकाळ-संध्याकाळ मिळून पाच लिटर धरा: दिवसाला ६५ ग्रॅम, नऊ दिवसांचे ५८५. म्हणजे २३० ग्रॅमचे तीन कॅनिस्टर (गॅसचे छोटे डबे), शंभर ग्रॅम हाताशी शिल्लक. हा आकडा तुमच्या स्टोव्हचा आहे का ते आत्ता तपासा: कॅनिस्टर काट्यावर ठेवा, एक लिटर उकळा, पुन्हा ठेवा. वीस ग्रॅम निघाले तर ज्योत मोठी ठेवता आहात किंवा झाकण नाही. कॅनिस्टर रेल्वेत आणि विमानात दोन्हीकडे बंदी आहे, तेव्हा तिघांसाठीचे लेहमध्येच विकत घ्यायचे. घेताना लेबल वाचा. निव्वळ ब्यूटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचं थांबतं आणि सप्टेंबरातली निमालिंगची पहाट शून्याच्या खाली असते. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण हवं. तरीही रात्री कॅनिस्टर स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपा. वारा अडवायला दगड रचा, पण पत्र्याचा अडोसा स्टोव्हभोवती पूर्ण गुंडाळू नका. कॅनिस्टर तापून फुटतो. स्टोव्हवरचं खटक्याचं लायटर उंचीवर हमखास दगा देतं, दोन साधे लायटर आणि एक काडेपेटी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

पाणी खोऱ्यात भरपूर आहे, पण स्वच्छ नाही. निमालिंग हे उन्हाळ्यातलं कुरण आहे, याक आणि मेंढ्या ओढ्यातच उभ्या असतात. या उंचीवर खळखळून तीन मिनिटं उकळा, नाहीतर क्लोरिनच्या गोळ्या. पाणी थंड असेल तर अर्ध्या तासाच्या जागी तास द्या. पोकळ धाग्यांचा फिल्टर एकदा गोठला की आतून तडकतो आणि बाहेरून काही कळत नाही, म्हणून तोही रात्री अंथरुणात. एवढं सगळं अंथरुणात घेतल्यावर तुम्ही मावलात म्हणजे बॅग मोठी आहे.

शरीराची तयारी बारा आठवड्यांची. इंदूर साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे विरळ हवेची सवय इथे होणार नाही. इथे फक्त पाय, पाठ आणि खांदे तयार होतात. आठवड्यात तीन दिवस जिने. दहा मजल्यांची इमारत म्हणजे तीस मीटर, वीस फेऱ्यांचे सहाशे. पहिला महिना पाच किलो, दुसरा दहा, तिसऱ्यात पंधरा-सोळा, शेवटचा आठवडा मोकळा. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा. सुरुवातीला वर पोहोचल्यावर ओतून हलकं उतरलं की गुडघे वाचतात. पण तिसऱ्या महिन्यात वजनासकटच उतरा. कोंगमारू लावरून शांग सुमदोपर्यंत दीड हजार मीटरच्या आसपास उतार आहे, आणि लोक चढावर नाही, तिथे मोडतात. रविवारी महूजवळचं जानापाव घ्या. एकदा चढून काही होत नाही. पायथ्यापासून तीनदा चढा-उतरा, आणि शनिवारीही काहीतरी केलेलं असू द्या, कारण दमलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी चालणं हाच सराव आहे. पातालपाणी-कालाकुंडच्या रुळांवरून चालण्याचा मोह पुष्कळांना होतो. गाडी धावते, बोगदे आहेत, तिकडे जाऊ नका.

जुलैत, पाऊस लागल्यावर, दोन रात्रींची रंगीत तालीम करा. चोरलच्या बाजूला कोणाचं ओळखीचं शेत असेल तर परवानगी घेऊन तिथे. जंगलखात्याच्या हद्दीत परवान्याशिवाय मुक्काम करता येत नाही. नियम एकच: सॅकमध्ये आहे तेवढंच, जवळच्या ढाब्यावर जायचं नाही. या दोन रात्रींत कळतं की टेंटची शिवण कुठे गळते, चमचे दोनच आणलेत, एकाला सातू घशाखाली उतरत नाही, आणि जुन्या बुटांचा तळवा निघतो. तीन-चार वर्षं कपाटात पडलेल्या बुटांचा फोमचा तळवा आतून कुजलेला असतो, वरून बूट नवा दिसतो. लडाखमध्ये तो दुसऱ्याच दिवशी सुटतो. दुरुस्तीसाठी बाटलीवर गुंडाळलेली डक्ट टेप, दाभण, जाड दोरा, चार केबल टाय, टेंटच्या दांडीला बसणारी नळी एवढं पुरतं.

उंचीच्या बाबतीत घाई करू नका. विमानाने गेलात तर एका सकाळीत ३,५०० मीटरवर उतरता. लेहमध्ये तीन रात्री हव्यात, पहिला दिवस नुसतं झोपून. वेळ असेल तर महूहून मालवा एक्सप्रेसने कटरा, तिथून २०२५च्या जूनमध्ये सुरू झालेल्या रेल्वेने श्रीनगर, मग कारगिलमार्गे लेह ही वाट शरीराला जास्त मानवते: श्रीनगर सोळाशे मीटर, कारगिल सत्तावीसशेच्या खाली. मनालीकडून जाताना सरचूला ४,२०० च्या वर रात्र काढली की तिथेच डोकं धरतं. तीन हजारच्या वर झोपण्याची उंची रात्रीला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा नियम. मार्खात पहिले चार दिवस तो आपोआप पाळला जातो, चूक होते ती हंकरहून थेट निमालिंग गाठण्यात. थोचुंगत्सेला मुक्काम करा, आणि निमालिंगला दोन रात्री.

ॲसिटाझोलामाइड हे उंचीचा त्रास टाळण्याचं औषध घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून. नेहमीचा प्रतिबंधक डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असतो, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर त्या रात्री वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, किंवा टाचेला पंजा लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकता येत नसतील, तर अंधार असो की बर्फ, खाली. निमालिंगहून खाली म्हणजे मागे, हंकरकडे. "खिंड ओलांडली की पलीकडे उतारच आहे" हा विचार माणसं मारतो, कारण पलीकडे जायला आधी साडेचारशे-पाचशे मीटर चढावं लागतं.

नदी पायाने ओलांडावी लागते ती जागा साराच्या पुढे. बर्फाचं पाणी दुपारी वाढतं, सकाळी उतरलेलं असतं. दहाच्या आत पार व्हा. सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडून, सँडल घालून, तोंड वरच्या अंगाला, काठी पुढे रोवून, तिघांनी एकमेकांचे खांदे धरून एकेक पाऊल. अनवाणी नाही.

परवानगी आणि उद्यानाची फी यांची चौकशी लेहमध्ये पोहोचल्याच्या दिवशी करा. मार्ग हेमिस राष्ट्रीय उद्यानातून जातो. कचरा सगळा परत, गॅसचे रिकामे कॅनिस्टरही.

शेवटचं संपर्काचं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या, आणि खोऱ्यात तेही बहुतेक ठिकाणी मुकं असतं हे धरून चाला. उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भारतात परवान्याशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. परदेशातल्या नातेवाइकाने हौसेने दिलेलं असलं तरी घरीच ठेवा. त्याची जागा एक कागद घेतो. त्यावर रोजचा मुक्काम, तिघांचे रक्तगट, टेंटचा रंग, लेहमधल्या मुक्कामाच्या ठिकाणाचा आणि पोलीस ठाण्याचा नंबर, आणि एक तारीख-वेळ, राखीव दिवस धरून: या वेळेपर्यंत फोन आला नाही तर लेहला कळवा. त्याच्या आधी नाही. ही शेवटची ओळ आईला वाचून दाखवा आणि तिच्याकडून कबूल करून घ्या, नाहीतर तिसऱ्याच दिवशी ती लेहला फोन लावेल.